निळ्या ओपवाल्याचं पुस्तक

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या वाडीत रिकामी जागा म्हणून शिल्लक राहत नाही. खळ्यात आमसुलं, पडवीच्या पत्र्यावर आंबोशी, विहिरीच्या कठड्यावर फणसाचे पापड, आणि मांजर पोचणार नाही अशा प्रत्येक उंचीवर सुके बांगडे. पावसाच्या चार महिन्यांची बेगमी चाललेली असते. माझ्या घरात याच आठवड्यात माजघरातलं सामान भिंतीकडे सरकतं, जमिनीवर चादरी अंथरल्या जातात आणि त्यांवर माझी मोठी पुस्तकं वाऱ्याला पडतात. सगळी इंग्रजी चित्रकथांची, अंगाला घट्ट कपडे घालून आकाशात उडणाऱ्या माणसांची. साधी पुस्तकं नव्हेत, थोराड. साडेतेरा इंच उंच आणि दहा इंच रुंद. मी मोजलेली आहेत. मोजणी खात्यात बत्तीस वर्षं काढलेला माणूस दुसऱ्याच्या मापावर विश्वास ठेवत नाही.

"माणसां घामान भिजतत आणि पंखो पुस्तकांका," असं माझी बायको दर वर्षी एकदा म्हणते. तिचं बरोबर आहे. पण कोकणात कागद सांभाळणं म्हणजे रोज उठून युद्ध. बुरशी, कसर, वाळवी, आणि या सगळ्यांना पुरून उरणारा दमटपणा. ऊन दाखवावं तर रंग उडतात, न दाखवावं तर पानं एकमेकांना चिकटतात. तेव्हा सावली, पंखा, कडुलिंबाचा पाला. देशभरात माझ्यासारखे छंदिष्ट पुष्कळ आहेत, आम्ही एकमेकांना फोनवरून सल्ले देतो. कोरड्या मुलखात राहणारे लोक मला बुरशी कशी घालवावी ते समजावतात. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं त्यांचं!

यंदा चादरीवर पुस्तकं अकरा झाली. अकरावं मी गेली कित्येक वर्षं शोधत होतो. फेब्रुवारीत एका जुन्या पुस्तकवाल्याने फोनवर मुखपृष्ठाचं चित्र पाठवलं आणि मी कणकवलीच्या स्टँडवर, एसटीच्या रांगेत, मोठ्याने "आसा!" असं ओरडलो. मुखपृष्ठावर हिरव्या कातडीचा, लांब नखांचा एक राक्षस आहे आणि त्याच्यावर झेप घेणारा निळ्या ओपवाला आहे. त्याचं छापील नाव काही वेगळंच आहे. आमच्या वाडीत त्याला ओपवालो म्हणत, आणि हे नाव ठेवलं रोजाबायने.

रोजाबाय माझी शेजारीण. आज सत्तरी ओलांडलेली, मी दहा वर्षांचा असताना नुकतीच लग्न होऊन आलेली. माहेर गोव्यातल्या बार्देशातलं, इन्सुलीचा नाका ओलांडून वऱ्हाड आलं होतं. चर्चच्या मिरवणुकीत मानकरी खांद्यावरून जो झगा पांघरतात त्याला ओप म्हणतात. तेव्हा याच पुस्तकाची एक प्रत तिच्याकडे होती. त्यातल्या वीराच्या पाठीवर निळा झगा बघून तिने एका दमात सांगून टाकलं, की हा चर्चचा मानकरीच आहे. आम्हालाही ते पटलं.

तो सगळा उन्हाळा माझ्या डोळ्यांपुढे आहे, पण ओळीने नाही. आधी बोटं आठवतात. कोकमाची फळं, म्हणजे आमचे रातांबे, फोडून बी काढायची आणि साली मिठाच्या रसात बुडवून पुन्हा पुन्हा वाळवायच्या. हे काम चार दिवस केलं की बोटं जांभळी होतात आणि शाळा सुरू होईपर्यंत तशीच राहतात. मग फणसाच्या झाडाची सावली, ती सरकेल तसे आम्ही सहा-सात पोरं सरकत होतो. एका हातात कावळे हाकायची काठी. आणि समोर रोजाबाय, दोन्ही हातांनी ते पुस्तक छातीसमोर आमच्याकडे तोंड करून धरलेली. पुस्तक एवढं थोरलं, की मागे तिचं फक्त कपाळ दिसायचं. वरून मान वाकवून ती पान बघायची, बोट ठेवायची आणि वाचायची. माझे वडील एकदा ते बघून म्हणाले, "पिंगुळीचे चित्रकथी बरे, ते निदान गातत तरी."

खरं तर तीही गातच होती. मे महिन्यात क्रुसापुढे लदीन म्हणतात, म्हणजे प्रार्थनेची एक लांबलचक माळ. त्याच चालीवर रोजाबाय वाचायची. तिचा नवरा तारवटी, म्हणजे बोटीवरचा माणूस. लग्नानंतर विसाव्या दिवशी तो बोटीवर परत गेला आणि मागे पत्र्याची पेटी ठेवून गेला. पेटीत साबण, सुरी, एक गजराचं घड्याळ आणि बोटीवर कुणीतरी टाकून दिलेली अशी तीन पुस्तकं होती. दोन वाळवीने आधीच खाल्लेली. धड असलेलं हे एकच.

तिची सासू कडक होती. दुपारच्या वेळी सून पोरांना जमवून बसते हे तिला खपलं नसतं. एकदा ती बाहेर आली, पुस्तकावर वाकली, आकाशात तरंगणारा झगेवाला माणूस आणि त्याच्या अंगातून फुटणारा उजेड बघून तिने कपाळावर, छातीवर क्रूस काढला.

"ह्यो खंयचो सांत गो?" तिने विचारलं.

"रोमचो, मांय," रोजाबाय म्हणाली. पापणीसुद्धा हलली नाही तिची.

त्या दिवसापासून आम्हाला दुपारी कुणी उठवलं नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. रोजाबायला इंग्रजी येत नव्हतं. पण अक्षरं येत होती. बार्देशातल्या तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकात कोकणी भाषा रोमन अक्षरांत छापलेली असते, ती लहानपणापासून तेच वाचत आलेली. त्यामुळे इंग्रजी पुस्तकातली अक्षरं तिने कोकणी समजून वाचली. ए, आर, ई दिसलं की ती म्हणायची "अरे". टी, ओ म्हणजे "तो". जी, ओ म्हणजे "गो", बाईला मारायची हाक. प्रत्येक पानावर असे दहा-बारा ओळखीचे शब्द भेटायचे. मधले बिनओळखीचे शब्द ती लदीनच्या चालीत गुणगुणत ओलांडायची आणि चित्राकडे बघून अर्थ लावायची. यात लबाडी मुळीच नव्हती. ती मनापासून वाचत होती.

एके ठिकाणी ओपवाला एका मिशाळ पोलिसाला हाताने "पळ" अशी खूण करतो आणि त्याच्या तोंडातून इंग्रजीत "गो!" निघतं. रोजाबाय थबकली. पुस्तक आपल्याकडे वळवून तिने स्वतः नीट बघितलं.

"ह्यो पोलीस न्हय, रे," ती हळू आवाजात म्हणाली. "बायलमाणूस आसा. मिशी लावल्यान हा. बगा, तो तेका 'गो' म्हणता."

पुढच्या प्रत्येक पानावर आम्ही त्या पोलिसाकडे संशयाने बघत राहिलो.

पण सगळ्यात जास्त वेळा येणारा शब्द होता एस, यू, एन. तो मोठ्या अक्षरांत येई, ठळक येई, उद्गारचिन्हं लावून येई. हिरवा राक्षस तो ओरडत होता, ओपवाला ओरडत होता, रस्त्यावरचे लोक आकाशाकडे हात करून तेच ओरडत होते. बार्देशाच्या पुस्तकात एस, यू, एन म्हणजे सून. तेव्हा गोष्ट सरळ होती. हिरवा मेला सून पळवायला आलाय आणि ओपवाला तिला वाचवायला निघालाय.

"पण सून दिसणा कशी नाय?" मी विचारलं होतं. मोजणीचा किडा तेव्हापासूनचा.

"सून कधी भायर उभी रवता?" रोजाबाय म्हणाली. "भितर कामात आसा."

पुढे राक्षसाच्या यंत्रात एक पिवळाधमक गोळा दिसतो, डोळे दिपतील असा. तीच सून. आणि तो उजेड? तिच्या अंगावरचं सोनं चमकतं त्याचा! हेही आम्हाला पटलं. नवी सून आम्ही शेजारी रोज बघतच होतो.

आज मला त्यातलं निराळंच काही दिसतं. विसाव्या दिवशी नवरा बोटीवर गेलेली चोवीस वर्षांची मुलगी, दिवसभर परक्या भाषेतल्या हाका ऐकत राबणारी, आणि तिच्या हातातल्या पुस्तकात उंच इमारतींचं एक अख्खं शहर रस्त्यावर येऊन एका सुनेसाठी टाहो फोडतंय. तिला ते वाचून किती बरं वाटत असेल. दहा वर्षांच्या पोराला हे कळायचं काही कारण नव्हतं.

त्याच पावसाळ्यात तिच्या घराचे कोने, म्हणजे आढ्यावरची कौलं, गळले आणि पुस्तकाचा लगदा झाला. आणि त्याच जूनमध्ये मी पाचवीत गेलो, जिथे तेव्हा इंग्रजी सुरू व्हायचं. गुरुजींनी फळ्यावर एस, यू, एन लिहिलं आणि विचारलं, कुणाला येतं? मी हात वर केला. आयुष्यात इतक्या खात्रीने मी पुन्हा कधीच हात वर केलेला नाही.

"सून," मी म्हणालो.

वर्ग खिंकाळला. गुरुजी मात्र हसले नाहीत. खडू खाली ठेवून म्हणाले, "घरात सून आली की उजेड पडतो, त्या हिशेबाने अर्धे गुण. पण सन म्हणजे सूर्य." मी खाली बसलो. घरी जाताना रोजाबाय विहिरीवर होती, तिने विचारलं, "काय शिकलंस रे आज?" मी म्हणालो, "काय नाय." का कुणास ठाऊक, पण मला तिचीच लाज राखायची होती.

तर ही चूक मी जवळजवळ सेहेचाळीस वर्षं पोटात ठेवली. आता पुस्तक हातात होतं. फेब्रुवारीत पार्सल फोडलं आणि एका बैठकीत वाचून काढलं. खरं सांगतो, मी खट्टू झालो. छपाई सुरेख, पान एवढं मोठं की रंगांचे ठिपके मोजता येतील, मलपृष्ठावरचं कापून उभं करायचं चित्रही कुणी कापलेलं नाही. छंदिष्ट म्हणून मला याहून काही नको. पण गोष्ट यथातथाच. राक्षसाला सूर्य विझवायचा असतो, का ते धड सांगितलेलं नाही. साठ पानं हाणामारी. मिशाळ पोलीस हा निव्वळ पोलीस निघाला, याचं तर मला फार वाईट वाटलं.

तरी चुकीची हद्द दिसली की माझे हात शिवशिवतात. रोजाबायला हे पुस्तक दाखवायचं आणि खरं काय ते सांगायचं, असं मी ठरवलं. जरा गंमत होईल. पुस्तकांना वारा द्यायच्या आठवड्यात जाऊ म्हटलं. तिथेच माझं चुकलं, कारण यंदाच्या मे महिन्यात त्या घरात गमतीला जागा नव्हती.

रोजाबायचा घोव, म्हणजे नवरा, वारून बरीच वर्षं झाली. मुलगा मिंगेल मस्कतला आहे. घरात रोजाबाय आणि तिची सून लीना, दोघीच. लीनाही गोव्याचीच. कुडाळला शाळेत शिकवते, सकाळच्या एसटीने जाते, दुपारी येते. बारा वर्षं दोघी एका चुलीवर आहेत. भांडतात ते मिठावरून, आणि आम्हाला ऐकू येईल इतपतच. मार्चमध्ये मिंगेलचा फोन आला, की बायकोला तिकडे बोलावण्याचे कागद झाले. मेअखेर तिने काय ते कळवायचं. रोजाबायचे मात्र कागद नव्हते, आणि असते तरी ती घर सोडून गेली नसती.

लीनाने सांगितलं, मांय हो म्हणेल तर जाईन. आणि मांय काही म्हणेचना. हो नाही, नाहीही नाही. लीनाने विषय काढला की रोजाबाय म्हणायची, रातांब्यांचा भाव बघितलास काय, किंवा पत्र्यावरून मांजर हाकल. दोन महिने हेच. लीना एकदा आमच्या कुंपणाशी येऊन माझ्या बायकोला म्हणाली, "रागावली तरी चलात गो. पण ती कायच बोलणा नाय. ती होय म्हणल्याशिवाय मी जावचंय नाय." बारा वर्षं नवऱ्यापासून दूर राहिलेली बाई, तिला जावंसं वाटत होतं यात नवल नाही. आणि इथून पाय निघत नव्हता यातही नाही.

हे सगळं मला माहीत होतं. तरी मी पुस्तक काखोटीला मारून गेलोच. माझ्या बायकोच्या मते माझ्या अकलेलाही दर वर्षी वारा द्यायला हवा.

सकाळचे दहा वाजले असतील. दोघी खळ्यात रातांबे फोडत होत्या. शाळेला सुट्टी. मी बरोबर नेलेली जुनी धुतलेली लुंगी अंथरून तिच्यावर पुस्तक ठेवलं. रोजाबायने चष्मा लावला, मुखपृष्ठ बघितलं आणि तिच्या तोंडून सूर निघाला, "आवय गे! ओपवालो!"

लीनाला काही कळेना, तेव्हा मी तिला त्या उन्हाळ्याची सगळी हकीकत सांगितली. पोलिसाची मिशी आली तेव्हा ती खूप हसली. रोजाबायही हसत होती. म्हटलं, आता सांगावं.

"रोजाबाय, एक सांगूचा आसा. ह्या पुस्तकात सून नाय. एस, यू, एन म्हणजे सन. सूर्य."

तिने मान वर केली. "तुका कोणी सांगल्यान?"

"पाचवीत, गुरुजींनी."

"पाचवीत? आणि माका आता सांगतंस?" आणि मग ती परत हसायला लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पदराने चष्मा पुसून तिने विचारलं, "मगे तो हिरवो मेलो काय चोरता? सूर्य?"

"होय."

"आणि तेच्यासाठी इतकी मारामारी?"

"होय."

"सूर्य खंय जातलो रे?" ती म्हणाली. "कोणी चोरल्यान तरी सकाळी वयर येतलोच. पण सून गेली तर..."

ती तिथेच थांबली. लीनाच्या हातातली सुरीही थांबली. एवढी वर्षं चालवून घेतलेली चूक याच आठवड्यात दुरुस्त करायची मला काय नड होती, असं वाटलं. स्वतःचा राग आला.

रोजाबायने हात धुतले, लुंगीच्या टोकाला पुसले आणि पानं उलटायला घेतली. छंदिष्टाचा जीव माझा, ओलसर बोटांनी पानं उलटताना बघून कासावीस झालो, पण हात आवरला. ती शेवटच्या चित्राशी थांबली. दोन पानं जोडून एकच चित्र आहे तिथे. अफाट काळं आकाश, आणि दोन्ही हातांत तो लखलखीत गोळा धरून उडणारा ओपवाला. या चित्रावर ती त्या वेळी गोष्ट संपवायची. ओपवाल्याने सुनेला घरी परत आणलं, मग सगळे जेवले, असं म्हणायची. आम्हीही मग जेवायला पळायचो.

तिने चष्मा वर-खाली केला.

"ह्या मी चुकीचा सांगलंय," ती म्हणाली.

"सून नायच म्हटल्यावर..."

"ता न्हय रे. ह्यो पाठमोरो आसा, बग. येणारो माणूस पाठमोरो कसो असात? ह्यो येणा नाय. ह्यो जाता."

मी वाकून बघितलं. खरंच, झग्याची पाठ आपल्याकडे, तोंड पलीकडे. बत्तीस वर्षं लोकांच्या हद्दी मोजल्या, आणि फेब्रुवारीपासून दहा वेळा हे पान उघडलं, पण माणूस कुठल्या दिशेला चाललाय हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.

"खाली काय लिवलेला आसा? खरा सांग हां."

मी वाचलं आणि तिच्या भाषेत सांगितलं, "'जेची जागा जंय आसा, थंय तेका घेवन जातंय,' असा म्हणता तो."

"मगे बरोबर आसा," रोजाबाय म्हणाली. "घोवाकडे पोचवूक चल्लो तिका."

तिने पुस्तक उचललं, दोन्ही हातांनी छातीसमोर धरलं आणि चित्राचं तोंड लीनाकडे केलं. मागे तिचं फक्त कपाळ दिसत होतं.

"बगलंस गो?" पुस्तकामागून तिने विचारलं. "तिकीट कधीचा काडतंस?"

लीना तोंडावर हात धरून बसली होती. रोजाबायने तेच पुन्हा विचारलं.